म्हसोबाचा घेर

देवाच्या कमरेला फीत लावून त्याचा घेर मोजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्याचं नाव नरहरपंत वळसंगकर.

सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या गल्लीत मी बिऱ्हाड केलं, त्या वर्षीच्या दिवाळीच्या पाडव्याची गोष्ट. दूध अजून का आलं नाही म्हणून सकाळी बघायला बाहेर पडलो, तर गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली जो म्हसोबा आहे, त्याच्यापुढे काळ्या कोटातले एक टक्कल पडलेले गृहस्थ उकिडवे बसले होते. पूजा चालली असेल, असं समजून मी चपला काढून मागे उभा राहिलो. त्यांनी देवाला मिठी मारल्यासारखे दोन्ही हात घातले आणि मागे न वळताच मला म्हणाले, "हे टोक धरा जरा. ढिलं सोडू नका." मी धरलं. त्यांनी वाकून आकडा वाचला, वहीत उतरवला आणि समाधानानं मान हलवली.

"पाऊण इंच. दरसाल बरोबर पाऊण इंच. देव अंगानं भरतोय," ते म्हणाले.

मी हायस्कुलात गणित शिकवणारा माणूस. देवाचं अंग भरण्याचा हिशेब मला कुणी शिकवला नव्हता. मी विचारलं, "पण मोजायचं कशासाठी?" त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की, वर्गात अगदी सोपं उत्तर न आलेल्या पोराकडे मीही तसंच पाहत असेन.

हा म्हसोबा आमच्या दूधवालीचा, नागव्वा गवळणीचा. म्हणजे तिच्या सासरचा. दर पाडव्याला गवळी आपल्या म्हशी धुऊन, शिंगं रंगवून, गळ्यात घुंगरं बांधून त्याच्या पुढ्यात आणत. त्या दिवशी दूध उशिरा येणार, हे गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं; मी नवा म्हणून रिकामं भांडं घेऊन उभा होतो. मग नागव्वा करडईच्या तेलात शेंदूर कालवायची आणि देवाला पायापासून डोक्यापर्यंत लिंपायची. पिढ्यान् पिढ्या हे चाललेलं. त्यामुळे मुळातल्या दगडाला नाक होतं की कान होते, तो उभा होता की बसलेला, हे कुणाला सांगता येत नव्हतं. एक लालभडक पोतं आणि त्यावर चांदीचे दोन डोळे, एवढाच देव आम्हाला दिसायचा.

नरहरपंतांना नेमकं हेच सहन होत नव्हतं. आत काय आहे, हे त्यांना पाहायचं होतं.

ते मोजणी खात्यात होते. मंद्रूपपासून अकलूजपर्यंत सगळा मुलूख त्यांनी साखळीनं मोजला होता. शेताची हद्द मोजता मोजता बांधावरचे शेंदूर फासलेले दगडही ते मोजत, आणि साहेबाला द्यायच्या नकाशात नसली तरी स्वतःच्या वहीत त्यांची नोंद असे. वय पन्नाशीच्या आसपास. घरात एकटेच. स्वयंपाक हातानं करायचे आणि तोही मापात. त्यांची बायको फार वर्षांपूर्वी वारली, एवढंच गल्लीला माहीत होतं, आणि त्याबद्दल ते बोलत नसल्यामुळे आम्हीही विचारत नव्हतो. खोलीतल्या कोनाड्यात खोबरेल तेलाची एक लहान बाटली मात्र कायम दिसायची. डोक्यावर औषधाला केस नाही आणि कोनाड्यात खोबरेल. मी एकदा चेष्टेनं म्हणालो, "पंत, पीक यायची आशा अजून सोडली नाही वाटतं." ते हसले नाहीत. एरवी चेष्टेला चेष्टेनं उत्तर देणारा माणूस. मला वाटलं, टकलाचं मनाला लागलं असेल.

"थर बघा, थर," हे त्यांचं पालुपद. जगात जे काही आहे ते एकावर एक चढलेलं आहे, आणि शहाण्या माणसानं वरचं पाहून मत देऊ नये, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा बोलता बोलता त्यांनी नखानं भिंतीचा एक पोपडा काढला. खाली निळा रंग, त्याखाली पिवळा, त्याखाली पुन्हा चुना. "तुमच्या आधी इथे शिंपी राहत होता," ते म्हणाले. मी विचारलं, कशावरून? त्यांनी निळ्या थरात रुतलेली एक गंजकी टाचणी काढून माझ्या तळहातावर ठेवली. दुसऱ्या दिवशी घरमालक भाड्याला आला आणि भिंतीला पडलेलं ते वीतभर भगदाड पाहून संतापला. त्याला मी सगळी हकिगत सांगितली. तेव्हा राग विसरून तो म्हणाला की, होता खरा एक शिंपी, तीन महिन्यांचं भाडं बुडवून पळाला. भगदाडाचे पैसे मात्र त्यानं माझ्याकडूनच घेतले.

माझ्या बायकोला त्यांचा फार राग यायचा. तिनं घासलेल्या पातेल्याचा तळ उजेडाकडे धरून ते म्हणत, "वहिनी, यात दूध तीनदा लागलंय. पहिल्या खेपेला जास्त." ती आत जाऊन मला म्हणायची, "त्यांना सांगा, माणसाच्या घरी चहा प्यावा, खोदकाम करू नये." पण तीच त्यांच्यासाठी दर सणाला ताट झाकून पाठवायची, हेही खरं.

आता सिंधच्या देवाचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट पुढे जात नाही. सिंधमध्ये लारकाण्याकडे टेकाडं खणताना जमिनीखाली आख्खं शहर सापडलं, ही बातमी जुनी झाली होती. पक्क्या विटांची घरं, मोऱ्या, हौद, मातीचे बैल, सगळं चार-पाच हजार वर्षांपूर्वीचं. पण मी गल्लीत राहायला आलो त्यानंतर वर्षा-दीड वर्षानं एका इंग्रजी साप्ताहिकात तिथल्या एका मुद्रेचा फोटो छापून आला. इंच-दीड इंचाची मुद्रा. तीवर मांडी घालून बसलेला कुणी एक; डोक्यावर म्हशीसारखी दोन मोठी शिंगं, आजूबाजूला हत्ती, वाघ, गेंडा आणि म्हैस. विद्वानांनी लिहिलं होतं की, हा बहुधा शिवाचा, पशुपतीचा पूर्वज असावा.

नरहरपंत तो अंक घेऊन भर दुपारी उन्हात माझ्या शाळेत आले. मी वर्गात होतो. त्यांनी दारातूनच अंक वर धरला आणि म्हणाले, "मास्तर, म्हसोबा सापडला."

त्यांचं म्हणणं असं की, शिंगांचा देव, म्हशींचा देव, माणसांच्या आणि जनावरांच्या मध्ये बसलेला देव तिथे होता आणि आपल्या गल्लीतही आहे. मधली चार हजार वर्षं तो गेला कुठे? कुठेच गेला नाही. लिंबाखाली बसून राहिला आणि गवळणींनी त्याला शेंदूर लावला. वर वेगवेगळे थर चढले, नावं चढली, पोथ्या चढल्या, पण खाली तोच. मी म्हणालो, "म्हणजे वरचं सगळं खोटं?" तर ते चिडले. "वरचं खोटं नसतं हो. ते फक्त ताजं असतं."

पुढे विद्वानांत त्या मुद्रेवरून वाद झाले, अजून चालू आहेत. तो शिव नव्हेच, असंही म्हणणारे आहेत. पण त्या उन्हाळ्यात नरहरपंतांना शंकेचा वाराही शिवला नव्हता. त्यांनी मुद्रेचं चित्र मोठं करून कागदावर काढलं, मोजणीच्या शाईनं, प्रमाण वगैरे घालून. वाचनालयात मी त्यांचं व्याख्यान ठरवलं. अकरा श्रोते आले. त्यातले चौघे आजचं वर्तमानपत्र मोकळं होण्याची वाट पाहत होते. एक शास्त्रीबुवा पुढेच बसले होते. त्यांनी उठून विचारलं की, वेदांहून जुना काही धर्म या देशात होता असं आपलं मत आहे काय, आणि तो या रस्त्यावरच्या म्हसोबाचा, असं आपण म्हणता काय. मला वाटलं, आता भांडण पेटतं. नरहरपंत अतिशय नम्रपणे म्हणाले, "शास्त्रीबुवा, वेद तोंडात राहिले, दगड जमिनीत राहिला. दोघांची गाठ पडायची आहे अजून. पडली की मी आधी आपल्याला कळवीन." शास्त्रीबुवांना यात नकार सापडेना आणि होकारही सापडेना. ते बसले.

मग पुण्याच्या एका नामांकित संशोधकाला त्यांनी पत्र घातलं. आठ पानांचं, सोबत नकाशा. उत्तराला कार्ड आलं, चार ओळींचं. कल्पना मनोरंजक आहे. परंतु शेंदराखालचा मूळ दगड पाहिल्याखेरीज काही म्हणता येत नाही. शिंगं किंवा काही कोरीव काम आढळल्यास अवश्य कळवावे.

ते कार्ड नरहरपंतांच्या कोटाच्या आतल्या खिशात असे. पुढे घामानं त्याची शाई पसरली, तरी त्यांना ते तोंडपाठ होतं. त्यांच्या आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती: म्हसोबाच्या आतला दगड.

मी म्हणायचो, "मग बघता का नाही? एक चाकू आणि पाच मिनिटं." ते मान हलवायचे. नागव्वाला त्यांनी शब्द दिला होता की, देवाला नख लावणार नाही. "खोळ आपणहून पडली पाहिजे," ते म्हणत. शेंदराचे थर फार जाड झाले की कधी कधी ते कवचासारखे आपोआप सुटून येतात, त्याला देवानं खोळ टाकली म्हणतात. नागव्वाच्या सासूच्या वेळी एकदा टाकली होती. मी म्हणालो, "मंद्रूपच्या बांधावर शंभर दगड पडलेत शेंदराचे. त्यातला एखादा खरवडा." तर म्हणाले, "हाच पाहिजे." का, ते सांगितलं नाही. मी त्याला हट्ट समजलो, आणि हट्टी माणसाशी वाद घालण्यात माझ्या बऱ्याच संध्याकाळी जायच्या.

नागव्वाचं आणि त्यांचं नातं मोठं गमतीचं. ती त्यांना आण्णा म्हणायची. धारेच्या वेळी रोज विचारायची, "काय आण्णा, देव किती वाढला?" हे म्हणायचे, "पाडव्याला कळेल." "आन् माझी म्हस रोज वाळतीया, तिला बी लावा की फीत." हसून हसून तिच्या हातातलं माप हिंदकळायचं. पण पाडव्याला यांनी मोजून झाल्याशिवाय ती शेंदराला हात घालत नसे.

खोळ पडली ती वैशाखात. सोलापूरचा वैशाख ज्यानं पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको. त्या वर्षी तर म्हणे गिरण्यांच्या भोंग्यालाही धाप लागत होती. दुपारी नागव्वाची चंद्री नावाची म्हैस दावं तोडून लिंबाच्या सावलीला आली आणि मान खाजवायला म्हणून म्हसोबाला घासू लागली. आधी कुरकुर आवाज झाला, मग धप्पकन. देवाची पाठ-पोट एकदम सुटलं आणि दोन मोठी शकलं होऊन खाली आलं. चांदीचे दोन डोळे आभाळाकडे बघत मातीत पडले. चंद्री घाबरून चार पावलं मागे सरकली.

गल्ली जमली. देवानं खोळ टाकली, देवानं खोळ टाकली, म्हणून बायकांनी हात जोडले. कुणी तरी नारळ आणायला धावलं. मी नरहरपंतांना हाक मारायला गेलो. ते जेवत होते. हात न धुता उठले.

ते आले आणि आधी वही काढली. तारीख, वेळ लिहिली. पुढे 'कारण' असं लिहून क्षणभर थांबले आणि लिहिलं: म्हैस. मग एक शकल उचलून त्याची कड उजेडाकडे धरली. झाडाच्या खोडात दिसतात तशा त्यात रेघा होत्या. "थर बघा, थर," ते पुटपुटले आणि नखानं मोजू लागले. पंधरा. जाडी जवळजवळ दोन इंच. मी मात्र देवाकडे बघत होतो आणि माझी निराशा झाली होती. दगड दिसत नव्हताच. बाहेरची खोळ गेली होती, पण आत आणखी जुना शेंदूर होता. फिकट, ओलसर, मऊ. आता मात्र त्यातून खांद्यासारखं काही तरी कळत होतं. डोक्याच्या दोन्ही अंगांना दोन उंचवटे होते. मी शपथेवर सांगतो, उंचवटे होते.

"पंत, शिंगं," मी म्हणालो.

नरहरपंतांचं लक्ष नव्हतं. त्यांनी त्या शकलाची आतली बाजू नाकाशी नेली. पुन्हा नेली. मग ते उठून देवाजवळ गेले, गुडघे टेकले आणि त्या फिकट शेंदराजवळ चेहरा नेऊन बराच वेळ तसेच बसले. लोकांना वाटलं, म्हातारा अखेर पाया पडला. मी जवळ गेलो तेव्हा मलाही वास आला. खवट, जुना, ओळखीचा वास. कसला ते चटकन ध्यानात येईना. त्यांनी घरी जाऊन आपली छत्री आणली आणि लिंबाच्या फांदीला अशी बांधली की देवावर ऊन येऊ नये. मग घरात जाऊन दार लावून घेतलं.

गवळ्यांनी खोळ नव्या फडक्यात बांधून गाडीनं सीना नदीवर नेली आणि पाण्यात सोडली. नागव्वाच्या सासरची रीत अशी की, खोळ टाकल्यावर पाडव्यापर्यंत देवाला नवा शेंदूर लावायचा नाही. नुसता निवद दाखवायचा. म्हणजे दगड बघायला सहा महिन्यांचा अवधी मिळाला. मला राहवेना. पंतांना आनंदाचा धक्का बसलाय, ते सावरले की पत्र लिहितील, पण तोवर वेळ का घालवा? त्याच संध्याकाळी मीच पुण्याला पत्र टाकलं. खोळ पडली आहे, शिंगांसारखे उंचवटे दिसतात, आतला पातळ थर तेवढा काढायचा राहिला आहे. आपण शहाणपणा केला असं वाटून मी त्या रात्री छान झोपलो.

आठवड्यानं संशोधक स्वतः आले. विजापूरला शिलालेख बघायला निघाले होते, वाटेत सोलापूरला उतरले. मृदू बोलणारे वयस्कर गृहस्थ. हातात कातडी पिशवी, तिच्यात ब्रश आणि बारीक छिन्नी. त्यांनी छत्रीखाली वाकून देवाकडे नीट पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाले, "वळसंगकर, तुमचं आठ पानी पत्र मी हसण्यावारी नेलं होतं. माफ करा." नरहरपंतांच्या दोन वर्षांच्या वाट पाहण्याला याहून मोठं बक्षीस काय मिळणार होतं? मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पांढरेफटक पडले होते.

संशोधकांनी नागव्वाला परवानगी विचारली. ती पदराला हात पुसत म्हणाली, "देवानं सवताच खोळ टाकली, आता त्यालाच बघून घ्या म्हनायचंय. माझी ना न्हाय. आण्णांनी सबूद पाळला, मग म्या कशापायी आडवी येऊ?"

संशोधकांनी छिन्नी काढली आणि नरहरपंत मधे येऊन उभे राहिले.

"हा थर काढता येणार नाही, साहेब."

"नोंद करून घ्या ना आधी. रंग, जाडी, सगळं."

"नोंद आहे. पण काढता येणार नाही."

"का?"

नरहरपंतांनी खाली पाहिलं. सगळा मुलूख मोजलेला माणूस. दहा दहा गावांची भांडणं ज्याच्या एका शब्दावर मिटत. शेवटी ते म्हणाले, "तो आमच्या घरातला आहे."

कुणाला काही कळलं नाही. नागव्वा मात्र पुढे आली, वाकली, त्या फिकट शेंदराचा वास घेतला, आणि तिचा हात तोंडावर गेला.

"अगं बया. वैनींचं खोबरेल."

मग तिनंच सगळं सांगितलं. नरहरपंतांची बायको सोलापूरकडचीच, पण वडील मीठ खात्यात असल्यानं लहानाची मोठी झाली वेंगुर्ल्याला. लग्न होऊन इथे आली तेव्हा तिला इथली भाकरी भाजता येत नव्हती, की इथलं बोलणं नीट कळत नव्हतं. गल्लीत कुणाशी ओळख नाही. ओळख झाली ती दूधवाल्या नागव्वाशी. पहिल्याच पाडव्याला तिनं हट्ट धरला, देवाला शेंदूर मी लावणार. आणि घरून बाटली आणली ती खोबरेलाची. नागव्वानं सांगून पाहिलं की, देवाला करडईचं तेल लागतं, ते वाळतं, धरतं. खोबरेल वाळत नाही, त्यात शेंदूर धरत नाही. तर ती म्हणाली, आमच्याकडे सगळ्याला हेच तेल.

"थंडीनं त्ये तेल गोठलेलं असायचं," नागव्वा म्हणाली. "मग पोर बाटली घिऊन उनात बसायची, हितं, ह्या दगडावर. हाताच्या उबंवर ठिवायची. पाच पाडवं लावलं तिनं. म्या काय बोलायची? तिचं हितं कोन व्हतं, सांगा की." मग म्हणाली, "मानमोडीच्या तापाची साथ आली, तीत गेली. तवापासनं परत करडई."

आता मला, गणिताच्या मास्तरला, हिशेब जमला. न वाळणाऱ्या तेलाचे पाच थर आत मऊच राहिले, आणि वरचे करडईचे पंधरा थर दगडासारखे कडक होऊन त्यांच्यावरून सुटून आले. खोळ नेमकी तिच्या चुकीवरून सुटली होती.

संशोधकांनी छिन्नी पिशवीत घातली. "वळसंगकर," ते म्हणाले, "आमच्या धंद्यात एक नियम आहे. खालचा थर पाहायचा तर वरचा नष्ट करावा लागतो. त्यामुळे वरच्यापेक्षा खालचा मोलाचा आहे, अशी खात्री असल्याशिवाय खणू नये." त्यांनी टोपी काढून म्हसोबाला नमस्कार केला, की आणखी कुणाला, मला सांगता येणार नाही. गाडीची वेळ झाली होती. मी त्यांना स्टेशनवर पोचवून आलो.

परतताना माझी मलाच लाज वाटत होती. मी सरळ पंतांच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, पत्र मी टाकलं होतं, विचारायला हवं होतं. ते म्हणाले, "बसा." रागावलेले नव्हते. त्यांनी घेराची वही माझ्यापुढे ठेवली आणि चहा करायला उठले. मी पानं मागे उलटत गेलो. दर पाडव्याची एक ओळ. मागे, मागे, पार पहिल्या पानापर्यंत. पहिली नोंद साथीच्या वर्षीच्या पाडव्याची होती. बायको जाऊन तेव्हा महिना झाला नसेल. आकड्यापुढे एकच शेरा होता: नवा थर लागण्यापूर्वी.

सिंधमधल्या शहराची पहिली बातमी त्यानंतर पाच-सहा वर्षांनी आली. शिंगांच्या देवाचा फोटो तर कितीतरी नंतर. म्हणजे हा माणूस चार हजार वर्षांपूर्वीचा देव शोधायला निघालाच नव्हता. तिच्या हातचा थर किती खोल गेला, तेवढंच तो दरसाल मोजत होता. देव मागाहून आला, आणि आला तेव्हा त्यांना बरंच वाटलं असेल. निदान लोकांना सांगायला एक कारण मिळालं.

चहाचा कप पुढे ठेवत ते म्हणाले, "खाली तो आहेच हो, मास्तर. शिंगांचा. मला शंका नाही. चार हजार वर्षं थांबलाय, आणखी थोडा थांबेल." मी कोनाड्याकडे पाहिलं. बाटली जागेवर होती.

छत्री सगळा पावसाळाभर लिंबावर राहिली. तिची एक काडी मोडली तेव्हा माझ्या बायकोनं आमची छत्री नेऊन बांधली, आणि मी दोन महिने भिजत शाळेत गेलो.

मग पाडवा आला. सकाळी गार होतं. मी दुधाचं भांडं घरीच ठेवून गेलो, कारण आता मी नवा नव्हतो. रंगवलेल्या शिंगांच्या म्हशी लिंबाखाली उभ्या होत्या. चंद्री सगळ्यात पुढे, जणू सगळं तिनंच घडवून आणलं. नागव्वा शेंदराची वाटी मांडून बसली होती, पण तिनं करडईचं तेल बाजूला ठेवलं होतं. पंत दगडावर बसले होते. दोन्ही हातांच्या ओंजळीत ती लहान बाटली होती. आत तेल पांढरं गोठलेलं होतं आणि ते उन्हाकडे तोंड करून, डोळे मिटून, ते वितळायची वाट पाहत होते. कुणी त्यांना घाई केली नाही. म्हशीसुद्धा उभ्या राहिल्या.

तेल सुटलं तेव्हा त्यांनी ते शेंदरात ओतलं आणि बोटांनी कालवलं. इतक्या वर्षांत त्यांनी देवाला फितीशिवाय हात लावलेला मी पाहिला नव्हता. पहिला हात त्यांनी देवाच्या खांद्यावरून फिरवला. नागव्वाला राहवेना. ती हळूच म्हणाली, "आण्णा, खोबरेलात शेंदूर धरत न्हाय बगा."

"पंधरा वर्षं धरला की, नागव्वा," ते म्हणाले, आणि दुसरा हात बुडवला.

लिंपून झालं. त्यांनी शेंदरानं माखलेल्या हातानं खिशातून फीत काढली आणि एक टोक माझ्याकडे दिलं. मी धरलं. ढिलं सोडलं नाही.